घड्याळाकडे न बघणारा माणूस

"पुढं हो ना गं, मागं काय उभी राहतीस?" चंदानं माझ्या पाठीला हात लावून मला जवळजवळ ढकललंच.

हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्ये एक जुनं घड्याळ आहे. तास भरला की त्यातून एक दाढीवाला बाहुला बाहेर येतो, घंटेवर टोले देतो आणि परत आत जातो. दुपारी बाराला गर्दी सगळ्यात जास्त, कारण बारा टोले बघायला मिळतात. आम्ही गेलो तेव्हा बाराला चार मिनिटं कमी होती आणि शे-दीडशे माणसं माना वर करून त्या घड्याळाकडे बघत होती.

"मला इथून सगळं दिसायलंय," मी म्हटलं. मी उंच आहे. शाळेच्या फोटोत मला कायम शेवटच्या रांगेत उभं करत.

"तुला दिसतंय गं, पण..." ती अडखळली. "पुढं हवा तरी लागेल. हो पुढं."

मी दोन पावलं पुढं झाले आणि चंदाला काय झालंय म्हणून मागं वळून बघितलं. तेव्हा तो दिसला. चॉकलेटी रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर, जाड चष्मा, वय तिशीच्या पुढं. आदल्या संध्याकाळी बिर्ला मंदिराच्या पायऱ्यांवर हाच माणूस आमच्या मागं होता. सकाळी तिकिटाच्या रांगेतही हाच. हैदराबादेत नोव्हेंबरात स्वेटर घालणारा माणूस लक्षात राहतोच.

टोले सुरू झाले. पोरं ओरडली, कुणीतरी मोठ्यानं मोजायला लागलं. सगळा चौक घड्याळाकडे बघत होता आणि हा एकटा आमच्याकडे बघत होता. मी चंदाकडे बघितलं. तिचंही घड्याळाकडे लक्ष नव्हतं. ती त्याच्याकडे बघत होती, आणि सहाव्या का सातव्या टोल्याला तिनं मान हलवली. अगदी थोडी, पण हलवली.



ही पंच्याऐंशी सालची गोष्ट. चंदा म्हणजे चंद्रकला, माझी आठवीपासूनची मैत्रीण. नांदेडला आम्ही एका बाकावर शिकलो आणि पुढं एकाच मुलींच्या शाळेत मास्तरणी झालो. माझा चुलतभाऊ दत्तादादा बँकेत लागला तेव्हा त्याला चंदाचं स्थळ मीच सुचवलं. काकू नाही-नाही म्हणत होती, मुलीचे वडील नाहीत म्हणून. मी काकूच्या मागं लागून होकार मिळवला. लग्नाला सात वर्षं झाली होती, पाच वर्षांची एक मुलगी होती.

दिवाळीच्या सुट्टीत हैदराबादला जायचं चंदानंच काढलं. तिची गंगूमावशी काचीगुड्याला राहायची, उतरायची सोय होती. काकूनं नाक मुरडलं. नवऱ्याला आणि पोरीला सोडून बाई तीन दिवस फिरायला जाते, हे काय नवीन? शेवटी दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "निर्मला बरोबर आहे म्हणून पाठवायलोय. चंदा एकटी म्हणाली असती तर नसतं पाठवलं." काकू चंदाकडे बोट करून मला म्हणाली, "हिला जशी नेतीस तशी आणून सोड गं बाई." सगळे हसले होते. मीही हसले होते.

आता म्युझियमच्या त्या चौकात मला ते हसणं आठवलं.

"चंदा, तो माणूस बघितलास का?" मी विचारलं.

"कोणता?"

"स्वेटरवाला. कालपासून आपल्या मागं हाय."

"तुझं आपलं काहीतरीच," ती म्हणाली. "हैदराबादला माणसं काय कमी आहेत? स्वेटर घालणारे पन्नास असतील." आणि लगेच माझा हात धरून तिनं मला दुसऱ्या दालनात नेलं. तिथं एका संगमरवरी पुतळ्याखाली इंग्रजी पाटी होती. "वाच बरं काय लिहिलंय. मोठ्यानं वाच, मी चष्मा विसरले."

चष्मा तिच्या पर्समध्ये होता. सकाळी मीच तो मावशींच्या खुंटीवरून काढून दिला होता. मी पाटी वाचली, पण माझं डोकं त्या चष्म्यातच अडकलं. खरं बोलणारी बाई चष्म्यासारख्या गोष्टीत खोटं का बोलेल?

मग एकेक करून सगळं आठवायला लागलं. आदल्या दिवशी बिर्ला मंदिरात ती म्हणाली होती, "तू हो पुढं, माझ्या चपलेचा अंगठा तुटायलाय." मी पायऱ्या चढून वर गेले. वरून बघते तर ती खाली त्या माणसापासून चार हातांवर उभी. अंगठा धडधाकट होता. त्याहून विचित्र म्हणजे माझा ब्लाउज. दिवाळीला तिनं मला एक ब्लाउज शिवून दिला होता, आखूड बाह्यांचा, आणि तो इथं घाल म्हणून ती हटून बसली होती.

मी आखूड बाह्या घालत नसे. त्याचं कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. माझ्या आईच्या हातांवर कोड होतं. मला बघायला येणारे लोक आधी आईचे हात बघत, मग माझे. बघून झालं की पोहे खात आणि आठ दिवसांनी 'पत्रिका जुळत नाही' म्हणून निरोप पाठवत. असे अकरा निरोप आले. अकराव्या वेळी परभणीची एक आत्याबाई माझ्या आईला म्हणाली, "पदर सारा जरा, कुठवर आलंय ते बघू." मी हातातला ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, "बघून झालं ना? चला, उठा आता." त्या दिवसापासून मी मनगटापर्यंत बाह्या शिवल्या. लोकांना बघायचंच आहे ना, मग आता बसा तर्क करत! चंदानं समजूत घालायचा प्रयत्न केला तर तिलाही शपथ घातली. "पुन्हा मला कुणासमोर बसवलंस तर माहूरच्या रेणुकेची आण, तुझं तोंड बघणार नाही मी." 

तर असा तो ब्लाउज त्या दिवशी माझ्या अंगावर होता. "इथं तुला कोण ओळखतंय?" असं म्हणून तिनं तो माझ्या गळ्यात मारला. मला वाटलं, आपण नटलो की हिचं नटणं झाकून जातं, म्हणून असेल. संशय आला की सगळ्याला कारण सापडतं. नोकरीधंदा आहे की नाही या माणसाला, भर दुपारी बायकांच्या मागं हिंडायला? की हैदराबादचा बेत मुळात त्याच्यासाठीच होता, आणि मी म्हणजे काकूला दाखवायचं पांघरूण?

जेवून आम्ही चारमिनारला गेलो. लाड बाजारात दोन्ही बाजूंनी बांगड्यांची दुकानं, आणि प्रत्येक दुकानात भिंतभर आरसे. चंदानं मला एका दुकानात बसवलं आणि बांगडीवाल्याला म्हणाली, "इनके हाथ में पहनाओ. अच्छी देखके." लाखेच्या बांगड्या गरम करून हाताच्या मापाच्या करतात. त्यानं माझा पंजा दोन्ही हातांत धरला आणि दाबायला सुरुवात केली.

"हाथ ढीला छोड़ो, बाजी," तो म्हणाला.

"मी आलेच," चंदा म्हणाली. "समोर टिकल्या बघते."

माझ्या शेजारी एक बाई बसली होती. नऊवारी, ठसठशीत कुंकू, नाकात चमकी, मांडीवर कापडी पिशवी. बांगड्या काही घेत नव्हती, नुसती बसली होती. माझ्याकडे वळून तिनं चक्क मराठीत विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

"नांदेड."

"अगं बाई, आमचं आजोळ तिकडंच, उमरीला. नोकरी करता?"

"हो. शाळेत." मी आरशात बघत होते. आरशात रस्त्याच्या पलीकडची बाजू दिसत होती, आणि तिथं टिकल्यांचं दुकान नव्हतं. अत्तराचं होतं. त्याच्या पायरीवर चंदा उभी होती, आणि तिच्यासमोर तो स्वेटरवाला.

"घरी कोण कोण?" बाईनं विचारलं.

"सगळे आहेत."

"आई?"

"आहे."

"बरी असते ना तब्येत?"

"तुम्हाला काय करायचंय?" मी फटकन म्हटलं. बाईनं माझ्या कोपरापाशी बोट लावलं आणि हळूच म्हणाली, "रंग शोभतो हो तुम्हाला हा." मी हात आखडून घेतला तर बांगडीवाला ओरडला.

आरशात चंदा बोलत होती. तो मान खाली घालून ऐकत होता. एकदा तिनं हात जोडले. मग पदर डोळ्यांना लावला. तो काहीतरी म्हणाला, अगदी थोडं, आणि चंदाचा चेहरा असा उजळला की तसा मी तिच्या लग्नातही बघितला नव्हता. मला उठायचं होतं आणि माझा हात त्या माणसाच्या मुठीत अडकला होता, चौथी बांगडी अंगठ्यावर येऊन थांबली होती.

खरं सांगते, मला राग आला तसा हेवाही वाटला. हिला घर आहे, नवरा आहे, मूल आहे. वर हेही हवं? माझ्या वाट्याला अकरा निरोप, आणि हिच्यासाठी माणसं भर बाजारात मान खाली घालून उभी राहतात! हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की प्रश्न दादाच्या घराचा आहे.

ती परत आली तेव्हा डोळे लाल होते आणि ती हसत होती.

"टिकल्या कुठायत?" मी विचारलं.

"चांगल्या नव्हत्या गं."

"कुणाशी बोलत होतीस?"

"मी? कुणाशी नाही." आणि माझे हात हातात घेऊन म्हणाली, "किती छान दिसायल्या बांगड्या! निमे, काय सुंदर हात आहेत गं तुझे."

एवढं सरळ खोटं बोलून ही बाई माझ्या हातांचं कौतुक करत होती. माझं डोकंच फिरलं. घरी परत येताना मी पत्र टाकायचंय म्हणून टपाल कचेरीपाशी उतरले, चंदाला बाहेर थांबायला सांगितलं आणि नांदेडच्या बँकेला ट्रंक कॉल लावला. पाऊण तास लागला नंबर मिळायला. तो पाऊण तास मला होता. बाहेर जाऊन चंदाला बाजूला घेऊन नीट विचारायला तो पुष्कळ होता. मी बाकावर बसून राहिले.

"दादा, तू उद्या सकाळी इथं ये," मी म्हटलं.

"का? काय झालं? चंदा बरी आहे ना?"

"बरी आहे. फोनवर सांगण्यासारखं नाही. एक माणूस आहे. तू ये."

त्यानं "बरं" म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दादा मावशींच्या दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, अंगावर आदल्या दिवशीचाच बँकेतला शर्ट. मावशी शिरा भाजत होत्या, त्या उलथणं हातात घेऊनच बाहेर आल्या. "जावईबापू! अहो, कळवायचं तरी!"

चंदा न्हाऊन केस पुसत होती. त्याला बघून ती आधी आनंदली, मग तिनं त्याचा चेहरा बघितला, मग माझा.

"निमे, तू बोलावलंस यांना?"

"हो," मी म्हटलं. "मी आणलं होतं तुला, मलाच न्यायचं होतं. माझ्यानं एकटीनं निस्तरेना."

"कोण आहे तो माणूस?" दादानं विचारलं. त्याचा आवाज चढलेला नव्हता. ते जास्त वाईट होतं.

मी सगळं सांगितलं. मंदिराच्या पायऱ्या, घड्याळ, चष्मा, अत्तराच्या दुकानाची पायरी, जोडलेले हात. मास्तरीण असल्यामुळं मला सगळं क्रमानं सांगता येतं. चंदा टॉवेल हातात धरून ऐकत होती. मध्ये एकदाही तिनं मला थांबवलं नाही.

"खरं आहे हे?" दादा म्हणाला.

"खरं आहे. भेटले मी त्यांना."

"त्यांना?" मी म्हटलं. "ऐक दादा, त्यांना म्हणायली!"

"अहो, दहा वाजेपर्यंत थांबा," चंदा दादाला म्हणाली. "दहाला मी सगळं सांगते. तुमच्या पाया पडते, तोवर काही विचारू नका."

"दहाला काय होणार आहे?"

"ते आत्ता सांगता येणार नाही."

मावशींना राहवेना. "अगं सांगून टाक ना पोरी! संसाराशी खेळ आहे का..."

"मावशी, तुला माझी शपथ आहे," चंदा म्हणाली. मावशी उलथणं घेऊन आत गेल्या.

म्हणजे मावशीही सामील! माझा उरलासुरला धीर सुटला. "काय सांगणार आहे ती दहाला?" मी म्हटलं. "गोष्ट रचायला दोन तास पाहिजेत तिला. चंदा, काकू नको म्हणत होती तुला. मी हट्ट करून तुला या घरात आणलं. चांगलं फेडलंस. माझ्या तोंडाला काळं फासलंस तू."

हे शब्द माझेच. त्यात मी आजही एक कानामात्रा कमी करून सांगत नाही.

चंदानं माझ्याकडे बघितलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "निमे, तोंड धू. तो नवा ब्लाउज घाल आणि माझी निळी साडी नेस."

"वेड लागलं का तुला? आत्ता? या वेळी?"

"नेस म्हणते ना. एवढं ऐक माझं."

मी ऐकलं नाही. कालची चुरगळलेली साडी, विस्कटलेली वेणी, तशीच दाराशी खुर्ची टाकून बसले. दादा पलंगाच्या काठावर जमिनीकडे बघत बसला होता. आतून शिऱ्याचा वास येत होता आणि कुणीही खात नव्हतं. चंदा एकदा घड्याळाकडे बघे, एकदा दाराकडे. मावशींच्या घरातलं ते घड्याळ पाच मिनिटं पुढं होतं, पण मला वाटतं त्या दिवशी ते चालतच नव्हतं.

दहाला कडी वाजली.

दार माझ्या हाताशी होतं. मी उघडलं. समोर तोच. आज स्वेटर नव्हता, पांढरा इस्त्रीचा शर्ट होता. तो मला बघून ओशाळला, हसला आणि नमस्कार करायला त्यानं हात उचलले.

"दादा!" मी ओरडले. "हाच तो!"

दादा एका ढांगेत दाराशी आला. त्यानं त्या माणसाची गचांडी धरली आणि त्याला चौकटीवर दाबलं. शर्टाची दोन बटणं तुटली. चष्मा खाली पडला. "कोण रे तू? माझ्या बायकोच्या मागं फिरतोस?"

"अहो, अहो, काय करता हे!" मागून एक बाई ओरडली. "माझा मुलगा आहे तो! सोडा त्याला!"

बाजारातली नऊवारीतली बाई. मुलाला सोडवायला ती पुढं झाली आणि तिच्या हातातली कापडी पिशवी सुटली. त्यातला नारळ गडगडत पायरीवर गेला. साखरेची पुडी फुटली आणि साखर उंबऱ्यावर सांडली.

सकाळी दहाला नारळ आणि साखर घेऊन माणसं कुणाच्या दारात कशाला येतात, हे मला कुणी सांगायला नको होतं. अकरा वेळा माझ्या आईनं याच दोन वस्तूंची वाट बघितली होती.

दादाचा हात सैल पडला. "हे काय आहे?" त्यानं चंदाला विचारलं.

"हे जोगाईकर," चंदा म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला कान देऊन ऐकावं लागलं. "श्रीनिवासराव. कॉलेजात लायब्ररीत आहेत. बहिणींची लग्नं करण्यात यांचं राहून गेलं. मावशीच्या ओळखीचे. निमा कुणासमोर बसणार नाही म्हणाली होती. म्हणून मी यांना म्हटलं, लांबूनच बघा. चालताना बघा, बोलताना ऐका. तिला कळू देऊ नका."

मंदिराच्या पायऱ्या मी एकटी चढले होते. पाटी मी मोठ्यानं वाचली होती. आखूड बाह्यांतले माझे दोन्ही हात अर्धा तास त्या माऊलीच्या शेजारी बांगडीवाल्याच्या हातात होते. ती दोघं माझ्याकडे बघत होती. मी मात्र डोळे फाडून चंदाकडे बघत होते.

"तुमच्या आईचं काल यांनीच सांगितलं श्रीनिवासला," बाई मला म्हणाल्या. त्या मुलाची गुंडी लावायला बघत होत्या आणि गुंडी तुटली होती हे त्यांच्या लक्षात येत नव्हतं. "लपवलं नाही. हात जोडून म्हणाल्या, आधी सांगते, मग नाही म्हणायचं तर आत्ताच म्हणा. श्रीनिवास म्हणाला, त्यात त्यांचा काय दोष. मलाही ते पटलं. आम्ही विचार करून आलो होतो हो."

मी खाली वाकून चष्मा उचलला. एका काचेला तडा गेला होता. मी तो त्यांच्यापुढं धरला. "माझी चूक झाली," मी म्हटलं. "मला वाटलं... तुम्ही दिसत होतात सगळीकडे..."

"मला तुम्ही काहीही समजलात तरी ठीक आहे," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते अगदी शांतपणे बोलत होते. "अनोळखी माणूस मागंमागं हिंडतोय म्हटल्यावर कुणालाही तसंच वाटेल. पण यांना तर तुम्ही ओळखत होतात ना?"

त्यांनी चंदाकडे हात केला.  

"चल आई," ते म्हणाले. बाईंनी नारळ उचलून पिशवीत घातला. साखर तशीच राहिली. मावशी त्यांच्या मागं गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्या, हात जोडत, विनवत, आणि एकट्याच परत आल्या.

दादानं चंदापुढं मान खाली घातली. "चुकलो मी," तो म्हणाला. ती त्याला म्हणाली, "तुम्ही फोन आल्यावर आलात. न येऊन काय करणार होतात?" तिनं त्याला पाणी दिलं, शिरा दिला, त्याचा मळका शर्ट धुवायला घेतला.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. "चंदा, मला आधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"सकाळी तरी सांगायचंस. दादासमोर. एक शब्द बोलली असतीस तर..."

"आणि ते आलेच नसते तर?" ती शर्टाला साबण लावत होती. "दहा वाजून गेले असते, अकरा वाजले असते, कुणी आलं नसतं. मग तुला भावासमोर, मावशीसमोर कळलं असतं की तुला बघून आणखी एकजण नाही म्हणाला. त्यापेक्षा तुम्ही दोघांनी मला काय म्हणायचं ते म्हटलेलं परवडलं." मग थोडं थांबून म्हणाली, "शपथ पण मोडली नाही मी. तुला बसवलं नाही कुणासमोर."

मी तिचा ओला हात धरायला गेले. तिनं तो बादलीत घातला.

दुपारच्या गाडीनं आम्ही तिघं निघालो. गाडीत ती माझ्याशी नीट बोलली. डबा उघडून मला आधी वाढलं, खिडकीची जागा दिली, ऊन लागतंय का विचारलं. मला वाटलं, निवळेल. आठवीपासून किती भांडणं झाली, दोन दिवस अबोला आणि तिसऱ्या दिवशी एका डब्यात जेवण. तिची माझी घडणच तशी होती.

नांदेडला उतरलो. स्टेशनाबाहेर एकच सायकलरिक्षा उभी होती. चंदानं माझी पिशवी त्यात ठेवली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "वन्सं, तुम्ही व्हा पुढं. आम्ही येतो मागून."

मी आधी आजूबाजूला बघितलं. आपल्या नवऱ्याच्या बहिणीला कोणतीही सून हाक मारते तशीच ती हाक होती. सात वर्षांत ती तिनं मला कधी मारली नव्हती.

काकूला यातलं काही कळलं नाही. दादानं आणि चंदानं ते कधी तोंडाबाहेर काढलं नाही. मी लग्न केलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या स्वेटरवाल्या सज्जन माणसासाठी मी फार दिवस झुरलेही नाही. चंदानं माझं काही कमी केलं नाही. दर संक्रांतीला वाण आलं, दर भाऊबीजेला पान वाढलं गेलं, आई गेली तेव्हा तेरा दिवस ती माझ्याकडे राहिली. आमचं भांडण त्यानंतर एकदाही झालं नाही. मी किती वेळा मुद्दाम काढायचा प्रयत्न केला. ती म्हणे, "तुम्ही म्हणाल तसं, वन्सं."

गेल्या वर्षी माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते. चंदा आता सत्तरीला टेकली आहे, गुडघे धरलेत, तरी दोन गल्ल्या ओलांडून चारही वेळा यायची. नवव्या दिवशी ती माझ्या उशाशी बसली, माझी पापणी तिनं बोटानं उचलून धरली. इतक्या जवळून मी तिचा चेहरा कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

"चंदा," मी म्हटलं, "एकदा नावानं हाक मार ना मला. एकदाच."

तिचं बोट हललं नाही. बाटली तिनं अगदी अलगद तिरकी केली.

"वर बघा, वन्सं," ती म्हणाली.